आर्डुइनो बसवलं, पण दिसेना: शाळेतल्या 15 उबुंटू मशिनवरचं एक प्रकरण

जूनच्या शेवटी विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. "दादा, सरांनी आर्डुइनो टाकलंय म्हणतात, पण पोरांना कुठं सापडतच नाही. एकदा येऊन बघून जा की."

शाळा साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली. लॅबमध्ये 15 मशिन, सगळी वापरून झालेली, 8 जीबी रॅमची, आणि सगळ्यांवर उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली. ती मीच बसवून दिली होती, त्यामुळे काही अडलं की फोन मला येतो आणि तो यावा असंच मला वाटतं. त्या वर्षी आठवी-नववीसाठी आर्डुइनो उनोचे दहा किट आले होते. आर्डुइनो हे छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं नाव, आणि त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरचंही. बोर्ड, वायरी, एलईडी, सगळं टेबलावर मांडून तयार होतं. तासाला पोरं मशिनसमोर बसायची आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं प्रोग्रॅम कुठून उघडायचा यातच जायची. 35 मिनिटांच्या तासातली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेलो. संगणकाच्या सरांना आधी विचारलं, की उबुंटूच्या भांडारातलं, म्हणजे त्यांच्या तयार प्रोग्रॅमच्या साठ्यातलं, आर्डुइनो का नाही घेतलं? 22.04 च्या भांडारात 1.8.19 मिळतं, ते ॲपट या आज्ञेने बसवलं की आयकॉन आपोआप मेनूत येतो, काही करावं लागत नाही. सरांचं म्हणणं रास्त होतं. त्यांचं प्रशिक्षण नव्या 2 मालिकेवर झालं होतं. त्यात टाइप करताना पुढचा शब्द सुचवला जातो, आणि इंग्रजी स्पेलिंगला अडखळणाऱ्या पोरांना त्याची फार मदत होते. ही 2 मालिका लिनक्ससाठी ॲपइमेज म्हणून किंवा झिप म्हणून मिळते. सरांनी ॲपइमेज उतरवली होती.

या प्रकरणाची मेख इथेच आहे. ॲपट, फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या प्रोग्रॅम बसवायच्या पद्धतींतून आलेला प्रोग्रॅम स्वतःबरोबर आपली नोंद घेऊन येतो आणि ती ठरलेल्या जागी ठेवतो. ॲपइमेज ही नुसती एक फाइल असते. ती जिथे ठेवाल तिथे राहते आणि कुणाला काही सांगायला जात नाही. टारची, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलींची, गाठोडी सोडून मिळालेले प्रोग्रॅमही तसेच. म्हणजे सर म्हणत होते ते खरं, प्रोग्रॅम मशिनमध्ये होता. पोरं म्हणत होती तेही खरंच.

सात नंबरचं मशिन

सरांनी हातावर हात ठेवून बसणं पसंत केलं नव्हतं. इंटरनेटवर वाचून सात नंबरच्या मशिनवर त्यांनी स्वतः एक शॉर्टकट फाइल लिहिली होती. डेस्कटॉपवर ती दिसत होती, पण कोऱ्या कागदाच्या चित्रासारखी आणि खाली "आर्डुइनो डॉट डेस्कटॉप" असं फाइलीचंच नाव. डबल क्लिक करून आर्डुइनो उघडत नव्हतं. "लेखात लिहिलंय की उजवं क्लिक करून अलाउ लाँचिंग म्हणा," सर म्हणाले, "पण माझ्याकडे तो पर्यायच येत नाही."

हे वाक्य मी तेव्हा पुरतं ऐकलं नाही. परवानगीचा घोळ असणार असं गृहीत धरून अर्धा तास त्याच मागे लागलो. फाइलीला चालवण्याची परवानगी दिली, मालक तपासला, लॉगआउट करून परत आलो. काहीच फरक नाही. मग विचार केला, की पर्यायच येत नाही याचा अर्थ काय? डेस्कटॉप विश्वास ठेवायला नकार देत नव्हता. त्याला ती फाइल शॉर्टकट म्हणून ओळखताच येत नव्हती, म्हणून परवानगी विचारायची वेळच आली नव्हती.

फाइल उघडली. एक गोष्ट आधी सांगतो. या फाइलींतले ठरलेले शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहायचे असतात आणि त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालत नाही. इथे ते उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. सरांच्या फाइलीतली कळीची ओळ, म्हणजे काय चालवायचं ते सांगणारी, अशी होती:

एक्झेक=~/डाउनलोड्स/आर्डुइनो आयडीई/आर्डुइनो-आयडीई_2.3.2_लिनक्स_64बिट.ॲपइमेज

सर म्हणाले, "पण टर्मिनलमध्ये हाच पत्ता दिला की चालतं की." आणि चालवून दाखवलं. टर्मिनलमध्ये टॅब दाबत दाबत पत्ता पुरा केला, आर्डुइनो उघडलं.

चालतं, कारण टर्मिनलमध्ये मधे आज्ञा वाचणारा शेल बसलेला असतो. सुरुवातीच्या लाटेच्या चिन्हाचा, म्हणजे टिल्डचा, "माझं होम फोल्डर" असा अर्थ तो शेल लावतो. टॅब दाबल्यावर "आर्डुइनो आयडीई" या नावातल्या मोकळ्या जागेपुढे उलटी तिरपी रेघही तोच घालतो. एक्झेकची ओळ मात्र शेल वाचत नाही. ती वाचणाऱ्याला टिल्ड म्हणजे निव्वळ एक अक्षर. डॉलर होम लिहिलं तरी तेच. मोकळी जागा आली की त्याच्या लेखी प्रोग्रॅमचं नाव तिथे संपतं. म्हणजे मशिन "~/डाउनलोड्स/आर्डुइनो" नावाचा प्रोग्रॅम शोधत होतं आणि असा प्रोग्रॅम जगात नव्हता.

उबुंटूवरच्या नोम या डेस्कटॉपची इथे एक सवय आहे आणि ती माहीत नसेल तर माणूस हैराण होतो. एक्झेकमधला प्रोग्रॅम सापडला नाही, तर तो चूक झाल्याचा संदेश देत नाही, लाल फुलीही दाखवत नाही. ती नोंद नसल्यासारखीच धरतो. मेनूत ठेवली असेल तर मेनूत येत नाही. डेस्कटॉपवर ठेवली असेल तर साध्या कागदासारखी पडून राहते आणि "अलाउ लाँचिंग"चा पर्याय गायब होतो. फाइल तपासण्यासाठी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट नावाची आज्ञा आहे. ती सरांच्या फाइलीवर चालवली, तर तिने फक्त टिल्डवर बोट ठेवलं, अवतरणचिन्हांबाहेर ते चिन्ह चालत नाही म्हणून. प्रोग्रॅम सापडत नाही याबद्दल एक शब्दही बोलली नाही. तिचं काम व्याकरण तपासण्याचं आहे. दिलेल्या पत्त्यावर प्रोग्रॅम खरंच राहतो का, हे ती पाहायला जात नाही.

त्या दिवसापासून मी आधी हेच बघतो: उजव्या क्लिकवर परवानगीचा पर्याय येतो का. येत असेल तर अडचण विश्वासाची. येत नसेल तर बहुतेक वेळा अडचण एक्झेकच्या ओळीत.

शॉर्टकट म्हणजे नेमकं काय

विंडोजमधून आलेल्या माणसाला शॉर्टकट म्हणजे प्रोग्रॅमकडे दाखवणारा बाण वाटतो, म्हणून तो लिनक्सवरही "लिंक बनवा" शोधतो. इथे शॉर्टकट म्हणजे एक छोटी मजकुराची फाइल, नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप असलेली. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. आत लिहिलेलं असतं: माझं नाव हे, चित्र हे, मला चालवायची आज्ञा ही, मला या गटात बसवा. ही रीत फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवली. हॅवक पेनिंग्टन यांनी 2000 साली तो सुरू केला, तो नोम आणि केडीई अशा वेगवेगळ्या डेस्कटॉपांना एकमेकांच्या फाइली समजाव्यात म्हणून. त्यामुळे सरांची फाइल दुरुस्त झाली की ती उद्या मिंट या दुसऱ्या लिनक्सवर किंवा केडीईवरही चालणार होती. मला या रचनेचं फार मोल वाटतं. जी गोष्ट उघडून वाचता येते ती दुरुस्त करता येते, आणि शाळेत तर ती शिकवताही येते.

या फाइली राहतात कुठे, तर तीन ठिकाणी. वितरणाने बसवलेल्या प्रोग्रॅमच्या /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये. मशिनच्या कारभाऱ्याने स्वतः घातलेल्या /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये. आणि एकाच वापरकर्त्यापुरत्या असतील तर त्याच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट-लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल तर घरातली जिंकते. फ्लॅटपॅक आणि स्नॅपची फोल्डरं वेगळी आहेत आणि ती सहसा आपोआप सांभाळली जातात. फक्त फ्लॅटपॅक नव्याने बसवलं असेल तर एकदा लॉगआउट करून यावं लागतं, नाहीतर त्याचे प्रोग्रॅम मेनूत उमटत नाहीत.

डेस्कटॉपवरचा आयकॉन म्हणजे याच फाइलीची एक प्रत. म्हणून क्रम असा धरावा: आधी मेनूत नोंद, ती चालतेय याची खात्री, आणि मगच डेस्कटॉप. सरांनी थेट डेस्कटॉपपासून सुरुवात केली, त्यामुळे नोंद चुकलीय की परवानगी, हे कळायला मार्ग राहिला नाही.

दुरुस्ती

पहिल्यांदा प्रोग्रॅमला कायमचं घर दिलं. डाउनलोड्स ही धर्मशाळा आहे. तिथे आज एक येतो, उद्या कुणीतरी साफसफाई करतो. तीन नंबरच्या मशिनवर नेमकं तेच झालं होतं, जागा कमी पडते म्हणून एका मुलाने सगळं डाउनलोड्स पुसलं होतं आणि आर्डुइनोही त्यात गेलं. मी /ऑप्ट मध्ये, म्हणजे बाहेरून आणलेल्या प्रोग्रॅमच्या जागी, आर्डुइनो नावाचं फोल्डर केलं, ॲपइमेज तिथे हलवली आणि तिला चालवण्याची परवानगी दिली. मग तिच्याकडे दाखवणारी, आवृत्तीचा आकडा नसलेली, "आर्डुइनो-आयडीई डॉट ॲपइमेज" अशी एक लिंक बाजूला ठेवली. शॉर्टकटमध्ये नाव त्या लिंकचं. आवृत्ती बदलली की लिंकचं तोंड फिरवायचं, शॉर्टकटला हात लावायचा नाही.

बऱ्याच मशिनवर ॲपइमेज टर्मिनलमधूनही उघडेना. 22.04 मध्ये लिबफ्यूज2 हे पॅकेज मुळात बसवलेलं नसतं आणि ॲपइमेजला ते लागतं. ते ॲपटने घातलं. 24.04 वर हेच करणाऱ्यांसाठी सांगतो: तिथे पॅकेजचं नाव लिबफ्यूज2टी64 असं आहे, आणि ॲपआर्मर या सुरक्षा व्यवस्थेच्या नव्या निर्बंधामुळे इलेक्ट्रॉन या साच्यावर बांधलेल्या ॲपइमेज सँडबॉक्सच्या, म्हणजे प्रोग्रॅमला कुंपणात ठेवण्याच्या, मुद्द्यावरून सुरू होताच पडतात. आर्डुइनोची 2 मालिका त्याच जातीची. लोक एक्झेकच्या ओळीत "नो-सँडबॉक्स" जोडून मोकळे होतात. त्याने चालतं, पण संरक्षणाचं एक कवच उतरतं. त्या प्रोग्रॅमपुरता ॲपआर्मरचा प्रोफाइल लिहिणं मला अधिक बरं वाटतं.

चित्र हवं होतं. ते इंटरनेटवर शोधायची गरज पडत नाही. ॲपइमेज हे एक बंद गाठोडं असतं आणि "ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट" हा पर्याय देऊन चालवलं की ते स्क्वॉशएफएस-रूट नावाच्या फोल्डरात सुटतं. आत बनवणाऱ्यांचं मूळ चित्र असतं आणि त्यांनी स्वतः लिहिलेली डॉट डेस्कटॉप फाइलही असते. शून्यातून लिहिण्यापेक्षा तीच घ्यावी. तिच्यातली एक्झेकची ओळ गाठोड्याच्या आतल्या फाइलीकडे बोट दाखवते, म्हणून ती बदलावी लागते. बाकी बरंच तयार मिळतं.

शेवटी फाइल अशी झाली:

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=आर्डुइनो आयडीई
नेम[एमआर]=आर्डुइनो
कॉमेंट[एमआर]=प्रोग्रॅम लिहा आणि बोर्डावर चढवा
एक्झेक=/ऑप्ट/आर्डुइनो/आर्डुइनो-आयडीई.ॲपइमेज
आयकॉन=/ऑप्ट/आर्डुइनो/आर्डुइनो.पीएनजी
टर्मिनल=फॉल्स
कॅटेगरीज=डेव्हलपमेंट;

पत्ता मुळापासून, म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेपासून. आयकॉनच्या ओळीलाही हाच नियम: पूर्ण पत्ता, किंवा थीममधल्या चित्राचं नुसतं नाव. अर्धवट पत्ता दिला की चित्र येत नाही. फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये टाकली, सुपर, म्हणजे विंडोजच्या चिन्हाचं, बटण दाबून शोधलं, आर्डुइनो आपल्या हिरवट-निळ्या चित्रासकट समोर. सरांनी तिथेच एलईडी लुकलुकवणारा नमुना प्रोग्रॅम उघडला. बोर्डावर चढवताना पोर्टची परवानगी आडवी आली. विद्यार्थ्यांचं खातं डायलआउट या, पोर्ट वापरायची मुभा असलेल्या, गटात नव्हतं. ते घातलं, लॉगआउट करून आलो, दिवा लुकलुकला.

एक बारीक गोष्ट उरली होती. आर्डुइनो सुरू झालं की डॉकवर त्याचा पिन केलेला आयकॉन तसाच राहायचा आणि शेजारी दुसरा, बिनओळखीचा आयकॉन उभा राहायचा. नोमला उघडलेली खिडकी कोणत्या नोंदीची हे जुळवता येत नव्हतं. त्यासाठी स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास अशी एक ओळ असते. तिच्यात खिडकीचं अंतर्गत नाव लिहायचं. एक्सप्रॉप ही आज्ञा देऊन त्या खिडकीवर क्लिक केलं की ते नाव मिळतं. ती ओळ घातल्यावर दोनाचा एक झाला.

बाईंचा आग्रह

माझ्या मते काम इथे संपलं होतं. नोमची रीत अशी की डेस्कटॉप मोकळा ठेवावा आणि प्रोग्रॅम शोधून उघडावा. 2018 च्या 3.28 आवृत्तीत त्यांनी फाइल मॅनेजरमधून डेस्कटॉपवरचे आयकॉन काढूनच टाकले. उबुंटूने ते एका जोडणीतून परत आणले, म्हणून आपल्याला ते दिसतात. मी बाईंना म्हटलं, सुपर दाबून चार अक्षरं टाइप केली की झालं, डॉकवर पिन पण करून देतो.

बाई म्हणाल्या, "दादा, आमची पोरं शोधत नाहीत, बघतात. समोर दिसलं तर हात लावतील."

यावर मला उत्तर नव्हतं आणि खरं तर द्यायचंही नव्हतं. आठवीतलं पोर इंग्रजी कीबोर्डवर आर्डुइनोचं स्पेलिंग शोधत बसणार, त्याच्यापुढे डेस्कटॉप स्वच्छ असण्याला काय किंमत? डेस्कटॉपवर आयकॉन द्यायचं ठरलं. सगळ्या 15 मशिनवर.

विश्वासाची नक्कल होत नाही

एका मशिनवर हे सोपं आहे. मेनूतल्या फाइलीची प्रत डेस्कटॉपवर ठेवायची, फाइलीला चालवण्याची परवानगी द्यायची, उजवं क्लिक करून अलाउ लाँचिंग. कागदाचं चित्र जाऊन आर्डुइनोचं येतं. मिंटच्या सिनॅमनवर किंवा केडीईवर तर मेनूतच उजवं क्लिक केलं की डेस्कटॉपवर घालायचा पर्याय मिळतो.

मी सात नंबरवर हे केलं, ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि बाकीच्या मशिनच्या डेस्कटॉपवर टाकली. कुठेच चालली नाही. चालवण्याची परवानगी पुन्हा दिली तरी नाही. प्रत्येक मशिनवर अलाउ लाँचिंग पुन्हा म्हणावं लागत होतं. कारण हा विश्वास फाइलीत लिहिलेला नसतोच. तो त्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये, जीव्हीएफएस-मेटाडेटा नावाच्या वेगळ्या वहीत नोंदलेला असतो. फाइल दुसऱ्या घरी गेली की नोंद मागेच राहते.

हे गैरसोयीचं आहे आणि तरी मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. डॉट डेस्कटॉप फाइल स्वतःचं नाव आणि चित्र स्वतःच ठरवते. म्हणजे कुणी "निकालपत्र" असं नाव आणि पीडीएफचं चित्र लावून आत भलतीच आज्ञा लिहू शकतो. 2017 साली नोमच्या फाइल मॅनेजरमधली ही पळवाट सीव्हीई-2017-14604 या क्रमांकाने नोंदली गेली आणि विश्वासाची ही वेगळी नोंद त्यावरचाच उपाय आहे. 2019 मध्ये केडीईत याहून वाईट सापडलं. तिथे आयकॉनच्या ओळीत आज्ञा लपवता येत होती आणि नुसतं फोल्डर उघडून पाहिलं तरी ती चालायची. केडीईने ती सोयच काढून टाकली. आपल्याकडेही हे घडून गेलं आहे. पीडीएफचा वेश घेतलेल्या डेस्कटॉप फाइली भारतातल्या सरकारी यंत्रणांना पाठवल्या गेल्याचं सुरक्षा संशोधकांनी 2025 मध्ये नोंदवलं, आणि त्यात सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्सवरची मशिन हे उघड लक्ष्य होतं. म्हणून मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलीवर उजवं क्लिक करून "अलाउ लाँचिंग" म्हणण्याआधी ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एक्झेकची ओळ वाचा, हे मी सरांना दोनदा सांगितलं आणि पोरांना तिसऱ्यांदा.

पण 15 मशिन आणि पुढे नवी खाती. दरवेळी हाताने क्लिक कोण करणार? हीच नोंद जीआयओ या आज्ञेनेही करता येते: जीआयओ सेट, फाइलीचं नाव, मेटाडेटा::ट्रस्टेड आणि शेवटी ट्रू. जुन्या लेखांमध्ये शेवटी "येस" दिलेलं असतं. ते 18.04 च्या काळातलं, 22.04 वर "ट्रू"च लागतं. मी माझ्या टेबलावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, सगळ्या मशिनवर सुडो लावून, म्हणजे कारभाऱ्याच्या अधिकाराने, ही आज्ञा सोडली आणि सगळीकडून एकच उत्तर आलं, की ही नोंद करता येत नाही. ती वही वापरकर्त्याची, त्याच्या चालू सत्रातूनच तिच्यात लिहिता येतं. बाहेरून रूट, म्हणजे खुद्द कारभारी, आला तरी चालत नाही.

मग ही आज्ञा वापरकर्त्यानेच, लॉगिन झाल्यावर, आपोआप चालवावी लागणार. लिनक्समध्ये लॉगिनला सुरू होणाऱ्या गोष्टी /ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट मध्ये ठेवतात आणि त्याही डॉट डेस्कटॉप फाइलीच असतात. तिथे एक नोंद केली. ती एक छोटी स्क्रिप्ट चालवते: काही सेकंद थांब, डेस्कटॉपवर आर्डुइनोची फाइल नसेल तर /यूएसआर/लोकल मधून प्रत आण, चालवण्याची परवानगी दे, विश्वासाची नोंद कर, फाइलीला टच कर, म्हणजे तिची वेळ ताजी होऊन डेस्कटॉप तिच्याकडे पुन्हा बघेल. नऊ मशिनवर पहिल्याच लॉगिनला आयकॉन आला.

सहा मशिनवर आला नाही. सहाही मराठीत चालणारी.

मी स्क्रिप्टमध्ये डेस्कटॉपच्या फोल्डरचं इंग्रजी नाव लिहून ठेवलं होतं. मराठीत सुरू केलेल्या खात्यात त्या फोल्डरचं खरं नावच देवनागरीत असतं. पडद्यावर तसं दिसतं एवढंच नव्हे, डिस्कवरही तसंच. बिचारी स्क्रिप्ट नसलेल्या फोल्डरात फाइल ठेवू पाहत होती. त्याचा उपाय एका आज्ञेत आहे: एक्सडीजी-यूझर-डिर, पुढे डेस्कटॉप. त्या खात्यात डेस्कटॉपचा पत्ता काय, हे ती सांगते, भाषा कुठलीही असो. स्क्रिप्टमध्ये नावाच्या जागी ही आज्ञा घातली. मराठीत मशिन वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इंटरनेटवरच्या बहुतेक सूचना इंग्रजी फोल्डर धरून लिहिलेल्या असतात आणि आपल्याकडे त्या गपचूप फसतात.

मराठी मशिननी आणखी एक गोष्ट दाखवली. नेम[एमआर] ही ओळ असल्यामुळे तिथे आयकॉनखाली "आर्डुइनो" असं देवनागरीत आलं आणि इंग्रजी मशिनवर इंग्रजीत. फाइल एकच. पण मराठी मशिनवर कुणी शोधताना काय लिहील याचा भरवसा नाही. कुणी अर्डुइनो लिहितो, कुणी आरडिनो. त्यासाठी कीवर्ड्स[एमआर] अशी ओळ घातली आणि अर्धविराम देऊन पोरांच्या तोंडी असलेली सगळी रूपं त्यात लिहिली. जोडीला "बोर्ड" आणि "एलईडी". हे दोन शब्द बाईंनी सुचवले आणि प्रत्यक्षात शोधताना पोरं तेच जास्त वापरतात.

दिवाळीनंतर

नोव्हेंबरमध्ये सरांनी आर्डुइनोची नवी आवृत्ती उतरवली. या वेळी फोन काम झाल्यावर आला. त्यांनी फाइल /ऑप्ट मध्ये ठेवली, लिंकचं तोंड नव्या फाइलीकडे फिरवलं, सगळ्या मशिनवर तेच केलं. डेस्कटॉपवरचा आयकॉन जागचा हलला नाही. एका मशिनवर मात्र तो पुन्हा कोऱ्या कागदासारखा झाला, तर सरांनी स्वतःच एक्झेकपासून सुरुवात केली. लिंकच्या नावात एक अक्षर राहिलं होतं.

डिसेंबरात मी किटमधला एक बोर्ड बदलून द्यायला गेलो होतो. नववीतली एक मुलगी चार नंबरच्या मशिनवर बसली होती. टेक्स्ट एडिटरमध्ये तिने आर्डुइनोची डॉट डेस्कटॉप फाइल उघडून ठेवली होती आणि ओळीवर बोट ठेवून वाचत होती.

"सर, जिओजेब्राला पण असं मराठी नाव लावता येईल का? आमच्या वर्गातल्या मुलींना ते इंग्रजी नाव वाचून काय ते कळत नाही."

मी तिला सांगितलं की मूळ फाइल बदलू नकोस, अपडेट आलं की तुझा बदल पुसला जाईल. तिची प्रत घे, नाव तेच ठेव आणि तुझ्या होममधल्या डॉट-लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये टाक. घरातली प्रत जिंकते. कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात, एवढं दाखवून मी बोर्डाकडे वळलो. परत आलो तोवर मेनूत जिओजेब्राच्या चित्राखाली "भूमिती आणि आलेख" असं आलं होतं, आणि ती शेजारणीला टिल्डचं चिन्ह का चालत नाही ते समजावत होती.